मदत हवी आहे: सीएनजी बस दुपारनंतर चढाला दम टाकते, प्लग-कॉइल बदलून झाले

पाना_बारातेरा
नमस्कार मंडळी. एका महापालिकेच्या परिवहन आगारात मेकॅनिक आहे. शहर लिहीत नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

आमच्या तीन सीएनजी गाड्या दुपारनंतर मिसिंग करतात (इंजिनचा एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही). पुलावर चढताना पिकअप जातो, दुसऱ्या गिअरलाही ओढत नाहीत. त्याच गाड्या सकाळी ठणठणीत. प्लग नवे टाकले, कॉइल बदलल्या, एअर फिल्टर साफ केला. फरक शून्य. ड्रायव्हर संध्याकाळी 'पिकअप नाही' लिहून गाडी लावून जातो, सकाळी मी चालवून बघतो तर काही सापडत नाही. माझ्या मते उन्हाने काहीतरी तापतंय. नेमकं काय तापतंय ते सांगा. लवकर सांगा, गाडी मार्गावर का नाही म्हणून रोज वरून विचारणा होते.

घाटमाथा
बीएस-४ की बीएस-६? इंजेक्शन की जुना मिक्सर? चेक इंजिनचा दिवा लागतो का? यातलं काहीच लिहिलं नाहीत, कशावरून सांगायचं?

पाना_बारातेरा
बीएस-४, टर्बो, इंजेक्शन. दिवा कधी लागतो, कधी नाही.

प्लगमास्टर
प्लगच. डोळे झाकून प्लग. गॅसला ठिणगी डिझेलवाल्यांना वाटते त्यापेक्षा कितीतरी जोरकस लागते. त्यात टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये दाब जास्त, तिथे ठिणगी उडी मारायलाच तयार नसते. गॅप थोडी वाढली की लोडवर मिसिंग ठरलेलं. तुम्ही नवे प्लग टाकलेत, पण गॅप फीलर गेजने मोजलीत का? या इंजिनांत गॅप पेट्रोल कारपेक्षा कमी असते. डब्यातून काढून तसेच बसवले असतील तर आधी तेच बघा. प्लगच्या चिनीमातीवर बारीक काळी रेघ दिसते का? दिसली तर ठिणगी बाहेरून पळते आहे.

पाना_बारातेरा
गॅप मोजूनच बसवले आहेत. रेघ नाही.

कोथरूडची_ताई
मेकॅनिक दादा, मी रोजची प्रवासी आहे. गाडी पुलावर बंद पडली की भर उन्हात लहान मुलांना घेऊन उतरावं लागतं, मागची बस आधीच भरलेली असते. तुम्ही इतक्या तळमळीने विचारताय हे बघून बरं वाटलं. तांत्रिक कळत नाही, पण गाडी नीट व्हावी हीच इच्छा.

विजेरी
यावर एकच उपाय, सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करा. पुण्यात २०१९ पासून ई-बस धावत आहेत. ना प्लग, ना ऑईल, ना टॅपेट.

घाटमाथा
विजेरी साहेब, त्यांना उद्या सकाळी याच तीन गाड्या मार्गावर काढायच्या आहेत. ई-बसवर वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

निवृत्त_फोरमन
पाना भाऊ, उन्हाचं आधी बाजूला ठेवा. दोन गोष्टी सांगा. गाडीत गॅस कधी भरता? आणि गाडी दम टाकते तेव्हा गॅसच्या गेजचा काटा किती दाखवतो?

पाना_बारातेरा
गॅस रात्री भरतो, सगळ्यांचा. काट्याचं ड्रायव्हरला विचारावं लागेल. त्याचा काय संबंध? गॅस संपलेला नसतो, मिसिंग करत करत का होईना, गाडी आगारात येते.

निवृत्त_फोरमन
सगळा संबंध तिथेच आहे. रात्री भरली की टाकीत २०० बार. दिवसभर फेऱ्या मारून दुपारी तो दाब चौथाईवर येतो. रेग्युलेटर हा दाब उतरवून रेलला, म्हणजे इंजेक्टरांना गॅस पुरवणाऱ्या नळीला देतो, साधारण ७ ते १० बार, कंपनीप्रमाणे आकडा वेगळा. आता टाकी आणि रेग्युलेटरच्या मधला हाय प्रेशर फिल्टर निम्मा चोंदलेला आहे असं धरा. सकाळी मागून २०० चा रेटा असतो, त्या अडथळ्यातूनही गॅस पुरून उरतो. दुपारी रेटाच नसतो. सपाटीला चालते, चढावर इंजिनला गॅस जास्त लागतो तेव्हा रेल उपाशी पडते. वेळ दुपारची म्हणून तुम्हाला ऊन वाटतंय.

खात्री करून घ्या. उद्या भर दुपारी, गाडी त्रास देत असतानाच गॅस भरून घ्या आणि लगेच त्याच पुलावर न्या. ऊन तेच, इंजिन तितकंच गरम. चढली तर ऊन निर्दोष.

प्लगमास्टर
काका, तापलेली कॉइलही दुपारीच मिसिंग देते. मी स्वतः असं कितीतरी वेळा बघितलंय.

निवृत्त_फोरमन
देते, नाही कोण म्हणतं? पण यांनी कॉइल बदलल्या आहेत, आणि तीनही गाड्यांच्या नव्या कॉइल एकाच तऱ्हेने तापून बिघडतील हे मला पटत नाही. तीन गाड्यांना एकच दुखणं असेल तर तिघींत समान काय आहे ते शोधावं.

वॅगनारवाला
माझ्या कारला बाहेरून सीएनजी किट बसवलं आहे, मायलेज कमी झालंय. रेग्युलेटरचा स्क्रू मी घरी फिरवला तर चालेल का?

घाटमाथा
नाही. आणि इथे तो विषय नाही.

सुरक्षा_आधी
रेग्युलेटरचा विषय निघाला आहे तर एक बघाच. २०० बारचा गॅस एकदम फुगला की तो गार पडतो, म्हणून रेग्युलेटरमधून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल किंवा त्या नळीत हवा अडकली असेल तर रेग्युलेटरवर बाहेरून बर्फ धरतो, आत गॅसमधला ओलावा गोठतो आणि गाडी अशीच दम टाकते. रेग्युलेटरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्यांना हात लावून बघा, दोन्ही गरम हव्यात.

आणि फिल्टर खोलणार असाल तर आधी गॅसच्या सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन चालू ठेवून लाइनमधला गॅस जळू द्या, इंजिन आपोआप बंद पडेल. मग गाडी थंड होऊ द्या आणि उघड्यावर, हळूहळू नट सैल करा. बंद शेडमध्ये अजिबात नको. एलपीजी जड, तो पिटमध्ये साचतो. सीएनजी हलका, वर जाऊन छताखाली कोंडतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेट घेतो. पुष्कळ आगारांच्या शेड डिझेलच्या काळातल्या आहेत, छताला वरून वारा जायला वाट नाही. तिथे ट्यूबलाइटच्या खाली कुणी नट सैल करतंय हे नुसतं वाचूनही माझा जीव वरखाली होतो.

ऑईलवाला
इंजिन ऑईल कुठलं टाकता हे कुणी विचारलंच नाही. गॅस इंजिनला कमी राखेचं, गॅससाठीच बनवलेलं ऑईल लागतं. डेपोत डिझेलच्या गाड्याही असतील तर एकाच बॅरलमधून सगळ्यांना ओतलं जातं. डिझेल ऑईलची राख प्लगवर, व्हॉल्व्हवर साठते.

पाना_बारातेरा
ऑईल वेगळंच आहे. बॅरलवर सीएनजी लिहिलेलं आहे.

दुपारी गॅस भरून बघितलं. फोरमन काका, चढली! सेकंडला चढायची नाही ती थर्डला गेली. दुसरी पण चढली. तिसरी मात्र नाही. काटा ड्रायव्हरांना विचारला, तिघेही म्हणाले पाव टाकीच्या आसपास सुरू होतं. रेग्युलेटरच्या दोन्ही नळ्या गरम आहेत.

निवृत्त_फोरमन
मग आता फिल्टर उघडा, सुरक्षा भाऊंनी सांगितलं तसंच. आणि तिन्ही गाड्या गॅस कुठे भरतात ते लिहा.

पाना_बारातेरा
फिल्टर उघडले. खालचा ड्रेन बोल्ट काढल्याबरोबर काळं तेल आलं, चहाचा कागदी कप अर्धा भरला. दाट, आणि गॅसचा वास मारणारं. आतला एलिमेंट हाताला चिकटत होता. दुसऱ्या गाडीलाही तेच. रेलवर स्कॅनर लावला तर आधी पूर्ण रेस दिल्यावर दाब खाली बसायचा, नवा एलिमेंट टाकल्यावर जागेवर राहतो.

तिन्ही गाड्यांचा मार्ग एकाच बाजूला असल्याने त्या बाहेरच्या एका पंपावर भरतात. बाकीच्या आगारातल्या पंपावर.

निवृत्त_फोरमन
सापडलं. ते तुमच्या इंजिनचं तेल नव्हे, पंपाच्या कॉम्प्रेसरचं आहे. तिथल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा गॅसमधून तेल गाळणाऱ्या फिल्टरचा ड्रेन कुणी काढला नाही की ते गॅसबरोबर थेट आपल्या गाडीत येतं. फिल्टरच्या पुढे गेलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम आणि इंजेक्टर चिकटवतं. इंजेक्टरही तपासून घ्या. त्या पंपावर भरणाऱ्या प्रत्येक गाडीचा ड्रेन बोल्ट सर्व्हिसिंगला उघडायचाच, असं चार्टवर लिहून घ्या.

सुरक्षा_आधी
पंपाला तोंडी सांगून सोडू नका. तेलाचा नमुना बाटलीत ठेवा, गाडी क्रमांक, भरल्याची वेळ, फोटो, सगळं आगारप्रमुखांच्या सहीने लेखी जाऊ द्या. गॅसच्या सिलिंडरच्या पाट्याही तेवढ्यात बघून घ्या. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) दर ३ वर्षांनी लागते, 'पेसो'ची, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता असलेल्या केंद्रातूनच. सिलिंडर खाली उतरवल्यावर तळ आणि पट्ट्यांखालचा गंज बघावा, पट्ट्यांच्या रबराखाली पाणी साचतं.

विजेरी
बघा, पंप दुसऱ्याचा, तेल दुसऱ्याचं आणि भोगतंय आगार. म्हणूनच मी सांगत होतो.

घाटमाथा
याचा उपाय बोल्ट उघडणं आहे, गाड्या बदलणं नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये सगळ्या बस सीएनजीवर नेण्यासाठी ३१ मार्च २००१ ची मुदत दिली होती. ती पाळता आली नाही, पंपांवर रात्र रात्र रांगा लागल्या, तरी शेवटी त्या गाड्या चालल्याच, कारण मेकॅनिक लोकांनी नवीन यंत्र शिकून घेतलं. ई-बस आली तरी ती कुणीतरी शिकावीच लागेल.

प्लगमास्टर
दोन गाड्यांचं मान्य. तिसरीचं काय? ती गॅस भरूनही चढली नाही. ती तरी माझी.

पाना_बारातेरा
तिसरीला फिल्टर बदलला, थोडा फरक पडला. पण ती आता सकाळी थंड असतानाही आयडलला झटके देते. आधीही देत असावी, सकाळी मी चढावर नेऊन बघायचो, आयडलकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं. एकेक कॉइल काढून बघितली, चार नंबरची काढली तर इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही.

निवृत्त_फोरमन
चार नंबरचा सिलिंडर मेलेला आहे, हे वेगळं दुखणं. तिथली कॉइल आणि प्लग तीन नंबरला लावून बघा. मिसिंग तिकडे गेलं तर प्लगमास्टर जिंकले. चारलाच राहिलं तर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, शेवटचं कधी लावलं?

पाना_बारातेरा
कॉइल-प्लग अदलाबदल केली, मिसिंग चारलाच. टॅपेटचं रजिस्टर बघावं लागेल.

ऑईलवाला
मग माझं ऐका. गॅस कोरडा असतो, डिझेलसारखा व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगण देत नाही. बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, मग जळतो. थोडी राख बैठकीला उशी म्हणून हवीच असते, त्यामुळे अगदीच बिनराखेचं ऑईलही चालत नाही. बॅरलवर नुसतं सीएनजी लिहिलेलं पुरेसं नाही, इंजिन कंपनीने सांगितलेला ग्रेड आहे का बघा.

प्लगमास्टर
हे बरोबर. डिझेल इंजिनवर हात बसलेले लोक टॅपेट टकटक वाजलं तरच उघडतात. गॅस इंजिनमध्ये फट कमी होते, म्हणून ते वाजतच नाही. शांत इंजिन बघून सोडून देतात.

वॅगनारवाला
कारला पण टॅपेट लावावं लागतं का?

निवृत्त_फोरमन
लागतं. किट चांगल्या गॅरेजला दाखवा, टॅपेटही तिथेच बघून घ्या. स्क्रू घरी फिरवू नका.

पाना_बारातेरा
रजिस्टर मिळालं. दोन बरी झालेल्यांचं टॅपेट वेळेवर लावलेलं आहे. तिसरीच्या रकान्यात गेल्या दोन सर्व्हिसिंगला सही आहे, फटीचा आकडा लिहिलेला नाही. कव्हर उघडलं तर चार नंबरच्या एक्झॉस्टला फीलर गेजचं सगळ्यात बारीक पातंही जात नाही. फट परत लावून कॉम्प्रेशन घेतलं, बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास आहे.

निवृत्त_फोरमन
मग व्हॉल्व्ह जळला आहे. हेड उतरवावं लागेल, बैठकी नव्या आणि गाइडही तपासा. मिसिंग करत गाडी मार्गावर पाठवू नका, न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतो. आगारप्रमुखांना आकड्यासकट लिहून द्या म्हणजे गाडी का थांबली हे कुणी तुम्हाला विचारणार नाही.

पाना_बारातेरा
लिहून दिलं. हेड उद्या उतरवतोय. दोन गाड्या आज संध्याकाळच्या गर्दीत पुलावरून नीट गेल्या, ड्रायव्हरने फोन करून सांगितलं. हेडच्या बोल्टचा टॉर्क आणि घट्ट करायचा क्रम कुणाकडे असेल तर टाका, आमच्या मॅन्युअलचं ते पान फाटलंय.

घाटमाथा
इंजिनचं मॉडेल लिहा. तेही अजून सांगितलेलं नाहीत.