डीजी (डिझेल जनरेटर) चालू केला की फायरचा अलार्म, अन दार बंद असून डोअर ओपन, काहून?

प्रश्न, घाटंजी साईट
भाऊ लोक, मोबाईल टॉवरच्या नवीन साईटचं इन्स्टॉलेशन करून राहिलो. अलार्मच्या चार पेअर (तारांच्या जोड्या) क्रोनवर (तारा दाबून बसवायच्या पट्टीवर) मारल्या, मेन्स फेल, डीजी ऑन, डोअर, फायर. एनओसीवाला (दुरून साईटचे अलार्म पाहणाऱ्या कंट्रोल सेंटरचा माणूस) म्हणते दार उघडं दिसून राहिलं, इकडं दाराला मी स्वतः कुलूप लावलं. अन डीजी चालू केला की फायरचा अलार्म येते. वरून बीटीएस (मोबाईलचं रेडिओ मशीन) ते मायक्रोवेव्हची (टॉवर ते टॉवर रेडिओ लिंकची) केबल 1 जीबी स्पीडऐवजी 100 एमबीवर अडकली. 45 च्या वर ऊन आहे, दोन दिवस झाले, उद्या साईट हँडओव्हर करायची आहे.

वणीकर
डीजी-फायरचं म्हणाल तर केशरी अन तपकिरी पेअरची अदलाबदल झाली असन. क्रम पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी. टॉर्चच्या उजेडात केशरी अन तपकिरी सारखेच दिसतात, माझ्याकडूनही झालं हे. रात्री मारल्या का तुम्ही? आता उजेडात पाहा, अन दोन्ही टोकाला टॅग लावाच.

जुना रिगर
दाराचं सांगतो. लेबलवर एनओ (नॉर्मली ओपन) लिहिलं म्हणून भरोसा करू नका. मॅग्नेटवाल्या स्विचचा एनओ म्हणजे मॅग्नेट दूर असताना उघडा, म्हणजे दार बंद असताना तो जुळलेला असते, इथंच सगळे फसतात. पहिले क्रोनवरून ती पेअर मोकळी करा, मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दार लावा, बीप आला तर लूप (तारेचं सर्किट) ठीक आहे, एनओसीले सांगा की लूप उघडल्यावर अलार्म दाखवा. असंच ठेवलेलं बरं, उंदरानं वायर कुरतडली तरी अलार्म येतेच, उलटं ठेवलं तर वायर तुटून पडली तरी कोणाले पत्ता लागत नाही. अन हे ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतःचं व्होल्टेज नसलेले नुसते स्विच) आहेत, त्यात मायनस 48 व्होल्टचा तार चुकूनही जोडू नका, पोर्ट जळते.

वणीकर
अन केबलचं राहिलंच, 100 एमबीले फक्त 1, 2, 3, 6 पिना लागतात, गिगाबिटले (1 जीबीले) आठही. म्हणजे निळी नाहीतर तपकिरी जोडी बहुतेक बसली नाही. कनेक्टर कापून परत क्रिम्प करा (नवा दाबून बसवा), अन केबल पॉवरच्या वायरसोबत एकाच ट्रेमध्ये बांधू नका.

प्रश्न, घाटंजी साईट
झालं भाऊ! केशरी-तपकिरीच होती, रात्री मारली होती. केबलमधली तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती, आता 1 जीबी आला. डोअरची सेटिंग एनओसीनं उलटी केली.

जुना रिगर
आता एकेक अलार्म खरोखर आणून पाहा. मेन्सचा एमसीबी पाडा, डीजी चालवा, दार उघडा, फायरसाठी स्मोक डिटेक्टरचं टेस्ट बटन दाबा. दर वेळी एनओसीले फोनवर विचारा कोणता दिसला, नाव पूर्ण वाचून घ्या, नुसतं "आला" म्हटलं तर मानू नका.

प्रश्न, घाटंजी साईट
हाव, फोन लावूनच बसलो. तीन झाले, फायर राहिला, डिटेक्टर वर आहे, शिडी आणायले पोऱ्या गावात गेला.