आडाचं काय?
जुना वाडा कसा पाडायचा, या प्रश्नावर कुणीतरी 'जेसीबी लावा, दोन दिवसांत जागा मोकळी' असं उत्तर दिलंय, ते सुट्या बंगल्याला ठीक, पेठेतल्या वाड्याला नाही. तिथे शेजाऱ्याशी भिंत सामाईक, त्यामुळे आधी कौलं, मग वासे, तुळया असं वरून खाली माणसांनीच उतरवावं लागतं. सागवान शाबूत निघालं तर ठेकेदार उलट आपल्यालाच पैसे देतो, हे मात्र खरं.

पण वाड्यातल्या आडाबद्दल, म्हणजे जुन्या विहिरीबद्दल, उत्तरांत कुणीच लिहिलं नाही. आमचा आड कामगारांनी राडारोडा टाकून परस्पर बुजवला. पहिल्याच पावसात भराव हातभर खचला, आणि नव्या इमारतीचा नेमका एक कॉलम तिथेच येत होता! सगळं पुन्हा उपसावं लागलं. आर्किटेक्टच्या नकाशात आड नव्हताच. मोजणीच्या दिवशी त्यावर पत्रा आणि आजोबांची सायकल होती.