दुब्रोव्हनिकमध्ये मुक्काम तटबंदीच्या आत करावा की बाहेर?

रानजाई

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, माझे यजमान, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही चौघे क्रोएशियाला जाणार आहोत. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जायचे, तेथे चार रात्री राहायचे आणि परतीचे विमान तिथूनच पकडायचे, इतके ठरले आहे. घोडे अडले आहे ते मुक्कामाच्या जागेपाशी.

सासूबाई सपाट रस्त्यावर सावकाश तासभर चालू शकतात, मात्र गुडघ्यांमुळे त्यांना चढ-उतार सोसत नाही, आणि चढण्यापेक्षा उतरताना अधिक त्रास होतो. तरीही तटबंदीच्या आतले जुने शहर पाहण्याची सर्वांत जास्त ओढ त्यांनाच आहे, त्यामुळे त्यांना खोलीवर बसवून आम्ही फिरायचे, हे मनाला पटत नाही. आम्ही शाकाहारी असल्याने लहानसे का होईना, स्वयंपाकघर हवे आहे. मुलीला समुद्रात पोहायचे आहे.

जाहिराती पाहिल्या की प्रत्येक घर ‘जुन्या शहरापासून पाच मिनिटांवर’ असल्याचे दिसते. तटबंदीच्या आतली घरे महाग आहेत, पण चालणे वाचणार असेल तर तो खर्च करायची आमची तयारी आहे. काही ओळखीच्यांनी लापाद भागात राहा असे सुचवले. तेथे राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाटसरू

तुम्ही अंतराचा विचार करत आहात, तो थोडा बाजूला ठेवून उंचीचा विचार करा. या शहरात जागा निवडताना नकाशा फारसा उपयोगी पडत नाही, कारण नकाशावर पायऱ्या दिसत नाहीत.

जुन्या शहराची रचना समजून घेतली तर निवड बरीच सोपी होते. मधला मुख्य रस्ता म्हणजे स्त्रादुन. तो सुमारे ३०० मीटर लांब आणि पूर्ण सपाट आहे. एके काळी तिथे खडकाळ बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली उथळ खाडी होती, ती बुजवून हा रस्ता झाला. त्यामुळे शहराचा आकार द्रोणासारखा आहे: तळाशी स्त्रादुन आणि दोन्ही बाजूंना चढत गेलेली वस्ती. उत्तरेकडच्या गल्ल्यांमध्ये थोड्याच अंतरावर पायऱ्या लागतात, प्रियेको नावाची आडवी गल्ली ओलांडली की त्या अधिक उभ्या होतात आणि थेट तटाखालच्या पेलिने गल्लीपर्यंत जातात. दक्षिणेकडे मात्र स्त्रादुन आणि तिला समांतर असलेली ओद पुचा गल्ली यांच्यामधला पट्टा जवळजवळ सपाट आहे. गुंदुलिच चौकही याच पातळीवर आहे. त्याच्या पुढे जेझुइट चर्चकडे जाणारा मोठा दगडी जिना लागतो आणि चढ पुन्हा सुरू होतो. सासूबाईंसाठी तटाच्या आत राहायचे असेल तर या सपाट पट्ट्याबाहेरचे घर मुळीच पाहू नका, ते कितीही सुंदर आणि स्वस्त असले तरी.

घर सपाट गल्लीत असले म्हणजे काम झाले असेही नाही. १६६७ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला आणि त्यानंतर जी घरे उभी राहिली ती अरुंद आणि उंच आहेत. तळमजल्यावर दुकान किंवा कोठार, वर राहण्याच्या खोल्या आणि आग लागलीच तर ती खाली पसरू नये म्हणून स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर, अशी तेथील जुनी पद्धत होती. आज भाड्याने मिळणाऱ्या जागा बहुतेक याच वरच्या मजल्यांवर आहेत. हे शहर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असल्याने जुन्या घरांत सहसा लिफ्ट बसवता येत नाही. आतला जिना अनेकदा इतका अरुंद असतो की एका हातात पिशवी धरली तर दुसरा हात भिंतीला टेकवून चढावे लागते, आणि दगडी पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. उतरताना त्रास होणाऱ्या माणसासाठी रस्त्यावरच्या पायऱ्यांपेक्षाही हा जिना कठीण ठरतो.

जाहिरातीतले ‘पाच मिनिटांवर’ हे शब्द खोटे नसतात, पण ते बहुधा उतरण्याची वेळ सांगतात. उत्तरेचा बुझा दरवाजा, पूर्वेचा प्लोचे दरवाजा आणि पश्चिमेचा पिले दरवाजा यांच्या मागे शहर थेट स्र्ज डोंगराच्या उतारावर चढत जाते. जाहिरातीत लाल कौलांचे आणि निळ्या समुद्राचे विहंगम छायाचित्र दिसले, तर ते टिपणारा माणूस किती पायऱ्या चढून उभा आहे याचा आधी अंदाज घ्या.

म्हणून घरमालकाला दोन प्रश्न नेमके विचारा. गाडी जिथे थांबते तिथपासून इमारतीच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? आणि दारापासून पलंगापर्यंत किती? ‘थोड्याशा आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नका, आकडाच मागा. आकडा द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या घरी राहू नका.

सागरिका

वाटसरू यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु तुमच्या कुटुंबासाठी मी लापादच सुचवेन. वृद्ध माणसाला दिवसभरात दोन-तीनदा खोलीवर येऊन पाय पसरावेसे वाटतात आणि तेव्हा लिफ्ट असलेल्या इमारतीचे मोल कळते. अशी हॉटेले आणि नव्या बांधणीची घरे लापाद आणि त्याला लागून असलेल्या बाबिन कुकमध्ये सहज मिळतात. लापादच्या खाडीकडे जाणारा, दुतर्फा झाडी असलेला रुंद पादचारी रस्ता आहे, त्याला अगदी सौम्य उतार आहे आणि तो थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरतो. तुमची मुलगी पोहत असताना आजींना सावलीत बसता येईल, ही सोय तटबंदीच्या आत मिळणार नाही. किनारे खड्यांचे आहेत, त्यामुळे पाण्यात घालायचे रबरी बूट जवळ ठेवा.

जुने शहर तिथून साधारण तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे आणि ६ क्रमांकाची बस पिले दरवाज्यापाशी सोडते. तटावर चढायचे असेल तर दुब्रोव्हनिक पास घ्या. त्यात तटाच्या तिकिटासोबत शहर बसचा प्रवासही येतो. तटावरची फेरी मात्र १,९४० मीटरची आहे आणि तीत सतत चढ-उतार आहेत. सासूबाईंना ती अजिबात करायला लावू नये असे मला मनापासून वाटते. त्यांनी त्या वेळी खाली स्त्रादुनवर किंवा जुन्या बंदरात निवांत बसावे.

लापादमध्येही प्रत्येक घर सपाटीवर नाही, हे लक्षात असू द्या. पादचारी रस्त्याच्या दोन्ही अंगांना गल्ल्या वर चढत जातात, म्हणून पायऱ्यांचे ते दोन प्रश्न इथेही विचारावेच लागतील. शिवाय हा भाग अलीकडच्या काळात वसलेला आहे. खिडकीतून जुने शहर दिसावे अशी अपेक्षा असेल तर लापाद तुमचा हिरमोड करेल.

दीपस्तंभ

मला तटाच्या आत राहण्याची बाजू मांडायची आहे, कारण तिचे सर्वांत मोठे कारण अजून कोणी सांगितलेले नाही, ते म्हणजे वेळ. दुब्रोव्हनिकची गर्दी दिवसभर सारखी नसते. क्रूझ जहाजांचे प्रवासी सकाळी उशिरापासून येऊ लागतात आणि संध्याकाळी परततात. एका वेळी दोनच जहाजे आणि सुमारे ४,००० प्रवासी अशी मर्यादा घालण्याचे शहराने २०१९ मध्ये जहाज कंपन्यांशी ठरवले, त्याने परिस्थिती सुधारली आहे, तरीही सप्टेंबरमधील दुपारी पिले दरवाज्यातून आत शिरताना खांद्याला खांदा लागतो. आधार घेत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीला अशा गर्दीची भीती वाटते, आणि ती रास्तच आहे.

तटाच्या आत राहणाऱ्याला मात्र सकाळी सातला दार उघडताच रिकामा स्त्रादुन मिळतो. चुनखडीच्या फरश्या पावलांनी घासून आरशासारख्या चकाकतात आणि कोवळ्या उन्हात त्यांच्यावर घरांची प्रतिबिंबे दिसतात. गुंदुलिच चौकात सकाळचा बाजार मांडला जात असतो. तिथे भाजी, अंजिरे, द्राक्षे घ्यावीत, ओनोफ्रियोच्या कारंज्यावर बाटली भरून घ्यावी, ते पाणी पिण्याचेच आहे, आणि गर्दी सुरू होताच घरी येऊन स्वयंपाक-जेवण उरकून सासूबाईंनी विश्रांती घ्यावी. संध्याकाळी पुन्हा दाराबाहेर पडावे. लापादहून येणाऱ्याला हे दोन्ही प्रहर साधायचे तर दिवसातून दोनदा बसचा प्रवास करावा लागेल, आणि संध्याकाळी पिलेला येणाऱ्या-जाणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळेलच असे नाही.

दोन गोष्टींपासून सावध राहा. एक म्हणजे आवाज. प्रियेको गल्ली उपाहारगृहांची आहे आणि टेबले गल्लीतच मांडलेली असतात. दोन्ही बाजूंना दगडी भिंती असल्याने खालचे बोलणे वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येते. उन्हाळी महोत्सव १० जुलै ते २५ ऑगस्ट असतो, तो तुमच्या तारखांना संपलेला असेल, हे तुमच्या पथ्यावर पडेल. दुसरी म्हणजे पाऊस. सप्टेंबरअखेर दक्षिणेकडून ‘युगो’ वारा सुटला की पाऊस येतो आणि त्या चकाकणाऱ्या फरश्या कमालीच्या निसरड्या होतात. रबरी तळव्याची, घट्ट बसणारी पादत्राणे सासूबाईंसाठी आवर्जून घ्या.

रानजाई

तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायऱ्यांची संख्या विचारावी हे मला सुचलेच नव्हते. आता दोन शंका उरल्या आहेत. दोन रात्री आत आणि दोन रात्री लापादला, अशी विभागणी करावी का? आणि बस स्थानकापासून तटाच्या आत सामान कसे न्यावे?

वाटसरू

चार रात्रींची विभागणी करू नका. सामान बांधणे, खोली सोडण्याची आणि नवी खोली मिळण्याची वेळ जुळवणे यात एक अख्खा दिवस जातो आणि त्याचा सर्वाधिक ताण ज्येष्ठांवर पडतो. मुलीला पोहण्यासाठी प्लोचे दरवाज्याबाहेरचा बान्ये किनारा जवळ आहे, किंवा जुन्या बंदरातून होडीने लोक्रुम बेटावर जाता येते. लोक्रुमवर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे शेवटच्या परतीच्या होडीची वेळ जातानाच विचारून घ्या.

बस स्थानक ग्रुझ बंदरापाशी आहे. तिथून टॅक्सीने पिले दरवाज्यापर्यंत या. आत वाहने नसतात, पुढे सामान हातानेच न्यावे लागते. चाकांच्या बॅगा फरशीवर ओढल्याने रहिवाशांना होणारा त्रास इतका वाढला की त्या उचलून न्याव्यात अशी विनंती शहरानेच पर्यटकांना केलेली आहे. ती पाळणे योग्य आहे. मोठी बॅग एकच ठेवा आणि बाकी सामान पाठीवरच्या पिशव्यांत भरा. सामान न्यायला माणूस पाठवता येईल का, हे घरमालकाला आधी विचारलेत तर अनेकदा सोय होते.

मुक्कामाशी थेट संबंध नसला तरी एक महत्त्वाचे सांगतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, पण स्प्लिटहून किनाऱ्याने येणारा जुना रस्ता नेऊमपाशी बोस्नियाच्या हद्दीतून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल खुला झाल्यापासून ती हद्द टाळता येते, तरी तिकीट काढताना बस कोणत्या मार्गाने जाते हे विचाराच. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर नेऊममार्गे जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे होईल. स्प्लिटहून हंगामात चालणारी कॅटामरान बोट हाही पर्याय आहे, ती थेट ग्रुझला लागते. व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचे आरक्षण दाखवावे लागते, म्हणून विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण आता करा.

सागरिका

यात एवढीच भर घालते की खासगी घर घेतले तर मालक पासपोर्टचा तपशील मागतील. पाहुण्यांची नोंदणी करणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बिचकू नका. अधिकृत घराच्या दाराशी ‘अपार्टमान’ किंवा ‘सोबे’ (म्हणजे खोल्या) असे लिहिलेली पाटी असते.

रानजाई

तीन घरमालकांना विचारले. पहिल्याने ‘फार नाहीत’ असे कळवले, त्याचे नाव आम्ही वगळले. दुसरे घर पेलिनेजवळ निघाले. तिसरे घर ओद पुचा गल्लीलगत पहिल्या मजल्यावर आहे. गल्लीत एकही पायरी नाही, इमारतीच्या आत १९ पायऱ्या आहेत आणि एका बाजूला लोखंडी कठडा आहे, असे मालकीणबाईंनी स्वतः मोजून कळवले आणि जिन्याचे छायाचित्रही पाठवले. स्वयंपाकघर त्याच मजल्यावर आहे. हे घ्यावे का?

दीपस्तंभ

अवश्य घ्या, मात्र पैसे भरण्यापूर्वी कठडा उतरताना कोणत्या हाताला येतो ते विचारा आणि सासूबाईंना कोणत्या हाताने आधार घेणे सोयीचे पडते ते पाहा. जिना वळणदार असेल तर वळणावरच्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या असतात, आणि कठडा नेमका त्याच बाजूला असेल तर पूर्ण पाऊल टेकत नाही. तसे असल्यास उतरताना यजमानांनी त्यांच्या एक पायरी पुढे राहावे. दिवसातून दोनच खेपा होतील असा बेत आखलात, तर १९ पायऱ्या त्यांना झेपतील असे वाटते.