जुन्या टाटा २०७ चा हौदा नवा बनवायचाय, चेसिसला वेल्डिंग मारू का?

जुन्नरचा शेतकरी:
आमची टाटा २०७ डीआय पिकअप, २००६ ची, वडिलांनी घेतलेली. इंजिन खणखणीत आहे, पण हौद्याचा पत्रा मागच्या चाकांवर आणि केबिनलगत कुजलाय. सीझनला नारायणगाव मार्केटला टोमॅटोचे क्रेट, एरवी कोंबडखत. गाडी विकायची नाही. वडील अजून रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवतात. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो, ४ एमएम चेकर्ड पत्रा टाकू, खाली चौकोनी पाइप लावू आणि थेट चेसिसला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) वेल्डिंग मारू, म्हणजे खडखड होणार नाही. वर रेड ऑक्साईड आणि रंग. वडिलांना पांढराच हवाय, मला गडद निळा. दिवाळीआधी उरकायचंय. असंच करू का?

बॉडीवाला, कोल्हापूर:
दादा, चेसिसला वेल्डिंग अजिबात नको. खड्ड्यातून जाताना चेसिस पिळली जाते, तशीच बनवलेली असते ती. ताठ हौदा तिला चिकटवला की सगळा ताण वेल्डिंगच्या कडेला येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. कंपनीचे ब्रॅकेट आहेत त्याच जागी बोल्टनी बसवा, मध्ये कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे घाला. खडखड त्यानेच थांबते. कुठे यू-बोल्ट लागलाच तर चेसिसच्या चॅनलमध्ये आतून ठोकळा बसवा, नाहीतर आवळताना चॅनलच्या कडा दबतात. सायलेन्सरजवळ लाकडी ठोकळा नको, लोखंडी घ्या.

आता ४ एमएमचं. तुमचा तळ साधारण ८ बाय साडेपाच फूट धरला, तर ४ एमएम पत्रा १२८ किलोच्या आसपास जातो, २ एमएम ६४. चेकर्डच्या नक्षीचं वजन आणखी वेगळं. म्हणजे प्रत्येक खेपेला वीस किलोचे तीन क्रेट फुकट वाहायचे. २ एमएम घ्या आणि खालचे आडवे सपोर्ट जवळजवळ ठेवा.

तुमचा जुना पत्रा कुठे कुजला ते बघा. चाकावर चिखल साठतो, केबिनलगत खत आणि पाणी अडतं. जाडी वाढवून ते थांबणार नाही, पाण्याला वाट हवी. तळाला मागच्या बाजूला थोडा उतार द्या. मागच्या फाळक्याखाली बोटभर फट ठेवा. केबिनकडच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं पाडा. चौकोनी पाइपमध्ये पाणी शिरलं की तो आतून सडतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून उघडा सी-चॅनल वापरा. सांधे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरून घ्या. कोंबडखतातला अमोनिया आणि क्षार उघड्या लोखंडाला सोडत नाहीत.

हौदा जमिनीवर स्टँडवर बनवा आणि रंगवूनच चढवा. गाडीवर थोडंफार वेल्डिंग करावं लागलंच तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, आणि डिझेल टाकीच्या जवळपास असेल तर टाकीही उतरवा.

स्प्रे पेंटर:
वरच्या दादांनी रंगाचं सोडलं, ते मी सांगतो. वर पीयूचा रंग मारणार असाल तर खाली साधा रेड ऑक्साईड नको. पीयूच्या थिनरने तो उचलला जातो, सुरकुत्या पडतात. वेल्डिंगचे दाणे घासा, पत्र्यावरची काळी खपली काढा, थिनरने तेल पुसा आणि त्याच दिवशी हार्डनरवाला इपॉक्सी प्रायमर मारा. खालची बाजू, चॅनलच्या आतला भाग, बोल्टची भोकं, जे दिसत नाही ते आधी रंगवा. पावसाळी दमट हवेत काम काढू नका, चमक मरते. ऑक्टोबरची उन्हं पडू द्या. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून फवारणाऱ्याला काम देऊ नका. फुप्फुसाचं दुखणं कायमचं मागे लागतं.

पासिंगवाला:
आठ वर्षांवरची माल गाडी, म्हणजे तुमचं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी. लांबी, रुंदी, उंची आरसीप्रमाणेच ठेवा. निळा करायचा तर आरटीओत रंगबदलाची नोंद करावी लागेल. रंगानंतर रिफ्लेक्टर टेप नवीन लावा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

जुन्नरचा शेतकरी:
सगळ्यांचे आभार. मग पांढराच करतो, वडीलही खूश. क्रेट ओढताना तळाचा रंग खरवडतो, त्यावर प्लायवूड टाकू का?

बॉडीवाला, कोल्हापूर:
प्लायखाली ओल धरते, महिनोन्‌महिने सुकत नाही. लांबीला समांतर फळ्या टाका, मध्ये अंगठ्याएवढं अंतर, आणि खिळे न मारता सुट्या ठेवा. खत उतरवलं की फळ्या उचलायच्या आणि पाइपने तळ धुवायचा. चेसिसवर चढवण्याआधी पाण्याच्या दोन बादल्या आत ओतून बघा. पाणी कुठे थांबलं तिथे खडूने खूण करा आणि मगच भोकं पाडा, मात्र हे सगळं प्रायमरच्या आधी.