मदत हवी आहे: पायथन 2 चा जुना कोड न मोडता फाइल हाताळणी कशी बदलू?
नमस्कार मंडळी. आर्वीजवळच्या आमच्या जिनिंगात कापसाच्या काटापट्ट्यांचा (वजनाच्या पावत्यांचा) हिशेब पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या 2.7 आवृत्तीवर चालतो. त्या आवृत्तीचा सपोर्ट 2020 मध्येच संपला, म्हणून 3 वर जायचंय. फायली यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहेत, पण विंडोजवर एन्कोडिंग न सांगता उघडल्या की शेतकऱ्यांची मराठी नावं बिघडतात. पायथनच्या आयओ मॉड्यूलमधलं, फाइल उघडायचं ओपन फंक्शन दोन्ही आवृत्त्यांत चालतं खरं, पण 2.7 मध्ये टेक्स्ट मोडला ते फक्त युनिकोड (अक्षरांचा मजकूर) लिहू देतं आणि आमचा जुना कोड बाइट्स (कच्चा डेटा) देतो. सीएसव्ही फायलींचं (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) आणखीच अवघड: 2.7 मध्ये त्या बायनरी मोडमध्ये (कच्चे बाइट्स) उघडाव्या लागतात, 3 मध्ये टेक्स्ट मोडमध्ये.

हंगाम सुरू आहे, दोन्ही आवृत्त्या सोबतच चालवाव्या लागतील. मध्ये एकच फंक्शन ठेवून हे जमेल का? कोणी केलं असेल तर नमुना द्या भाऊ. जुन्या फायली मात्र बदलता येणार नाहीत, शेतकऱ्यांचे चुकारे (कापसाचे पैसे) त्यांवरूनच होतात.