मदत हवी आहे : शाकारणीचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ कौलारू घरात आम्ही भाड्याने राहतो. माकडांनी बरीच कौलं फोडलीत, पावसाआधी घर शाकारायलाच हवं, म्हणजे फुटकी कौलं बदलून छप्पर नीट करायला हवं. मालक मुंबईला. ते म्हणतात, करारात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' असं आहे. नळाचा वायसर, खाऱ्या हवेने गंजलेल्या बिजागऱ्या आम्ही विनातक्रार बदलतो. पण छप्पर किरकोळ कसं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. आमचा करार मात्र लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसती ठरावीक मुदतीची राहण्याची परवानगी; त्याला हे लागू होतं का? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि गळतं नेमकं त्यांच्या खाटेवर. मालकांशी वाकडं घ्यायचं नाही. तुमच्याकडे शाकारणीचे पैसे कोण देतं, करारात ते कसं लिहिलंय? कृपया लवकर सांगा.