बरीच वर्षं मध्यस्थी करतेय, पण कौशल्य आता वाढत नाहीये असं वाटतं. तुम्ही काय करता?

मधली_खुर्ची

नमस्कार मंडळी. ४० तासांचं बेसिक ट्रेनिंग कधीच झालंय, केसेस येतात, बऱ्यापैकी मिटतात पण, त्यामुळे तक्रार अशी नाही. पण आजकाल असं जाणवतंय की मी जिथे होते तिथेच आहे. रिफ्रेशरला जावं तर परत तेच, पोझिशन (माणूस मागतो ते) वेगळी, इंटरेस्ट (त्यामागची खरी गरज) वेगळा, परत त्या संत्र्यावरून भांडणाऱ्या दोन बहिणी, एकीला साल हवी एकीला रस. आता ते संत्रं पाठ झालंय हो.

नेमकी अडचण सांगते. जॉइंट सेशन सुरू होतं, दोन्ही बाजू एकमेकांशी बोलतच नाहीत, माझ्याकडे बघून बोलतात, जरा आवाज चढला की मी कॉकस घेते, म्हणजे प्रत्येक बाजूशी वेगळ्या खोलीत बोलते, आणि मग दिवसभर या खोलीतून त्या खोलीत आकडे पोचवत बसते. संध्याकाळी सही होते, सगळे थँक्यू म्हणून जातात, पण मला आत कुठेतरी वाटत राहतं की यात मध्यस्थी कुठे होती, मी तर नुसती निरोप्याचं काम केलं.

तर प्रश्न असा की पुढचं शिकायचं कसं? अजून एक कोर्स करू का दुसरं काही? ज्यांना खरंच फरक पडलाय त्यांनी सांगा, सर्टिफिकेटची यादी नकोय.

ऐकूनघेणारा

कोर्स थांबवा थोडे दिवस, आधी कुणाला तरी तुमचं काम बघू द्या. आपल्या धंद्यात गंमत अशी की दार बंद करून काम, सगळं गोपनीय, त्यामुळे एकदा ट्रेनिंग संपलं की आपण काय करतो हे दुसऱ्या मध्यस्थाला कधी दिसतच नाही. पक्षकार आणि वकील बघतात पण ते त्यांच्या टेन्शनमध्ये असतात, ते काय सांगणार.

को-मिडिएशन, म्हणजे दोन मध्यस्थांनी मिळून एकच केस, घ्या किंवा एखाद्याला ऑब्झर्व्हर म्हणून बसवा. दोन्ही पक्षांची संमती आधी हवी आणि बसणाऱ्याने गोपनीयतेवर सही करायची, हे ओघाने आलंच. पण महत्त्वाचं म्हणजे त्याला आधी सांगून ठेवायचं की काय बघ. नुसतं 'कसं वाटलं' विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. तुमच्या बाबतीत मी सांगेन, तुम्ही कॉकस जाहीर केला त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत खोलीत काय झालं आणि तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, एवढंच लिहून ठेव. मी असं बऱ्याच जणांसाठी बसलोय आणि पुष्कळदा दिसतं ते असं की पक्षकार अजून बोलायला तयार असतात, अस्वस्थ झालेला असतो तो मध्यस्थ. डिब्रीफ, म्हणजे नंतरची चर्चा, मात्र त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवसापर्यंत आपण आपल्या डोक्यात छान गोष्ट रचलेली असते.

कोरी_वही

ऐकूनघेणारा यांच्याशी सहमत, पण दर वेळी बघणारा माणूस कुठून आणायचा, म्हणून वहीचं सुचवते. केसची हकीकत लिहायची नाही, ती गोपनीय आहेच आणि शिकायच्या दृष्टीने तिचा उपयोगही नाही. नाव, आकडा, धंदा काही नको, उद्या वही कुणाच्या हाती पडली तरी केस ओळखता येऊ नये. सेशन निवडायचं आणि त्यातला एकच क्षण घ्यायचा: मी काय बोलले (शब्द जसेच्या तसे), त्या वेळी मला काय साधायचं होतं, समोर काय झालं, आणि दुसरं काय बोलता आलं असतं, त्याचे दोन-तीन पर्याय. चौथा भाग सगळ्यात अवघड जातो आणि खरं शिक्षण तिथेच आहे.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये याबद्दल सविस्तर मांडलं होतं, काम चालू असताना केलेला विचार वेगळा आणि काम झाल्यावर केलेला वेगळा. दुसऱ्याची सवय लागली की हळूहळू पहिलाही यायला लागतो, म्हणजे बोलता बोलताच कळतं की अरे मी आत्ता घाई करतेय.

आकडेमोड

थोडा विरोधी सूर लावतो, रागवू नका. कॉकसला एवढं वाईट ठरवू नका राव. मी कमर्शियल वाद बघतो आणि तिथे कॉकसचं काम फक्त निरोप पोचवणं नाहीये. समोरच्याने दिलेला प्रस्ताव केवळ समोरच्याने दिला म्हणून कमी किमतीचा वाटतो, याला रिअ‍ॅक्टिव्ह डिव्हॅल्युएशन म्हणतात. तोच प्रस्ताव मध्यस्थाच्या तोंडून पर्याय म्हणून आला की माणूस निदान ऐकून घेतो. अँकरिंगचंही तसंच, ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलंय की आधी कानावर पडलेला आकडा नंतरच्या अंदाजाला ओढून नेतो. जॉइंटमध्ये कुणी भलताच पहिला आकडा फेकला की पुढचा सगळा दिवस त्याच्याभोवती फिरतो.

म्हणून माझं मत, शिकायचंच असेल तर कॉकसमध्ये काय करायचं ते शिका. डिसिजन ट्री, म्हणजे कोर्टात पुढे काय काय होऊ शकतं आणि त्याची शक्यता किती याचं झाड, कागदावर काढता येतं का? समजा दावा १०० चा, जिंकायची शक्यता पक्षकार स्वतः ६० टक्के म्हणतो, पुढचा खर्च १५. म्हणजे हातात सरासरी ४५, आणि तो तर ८० च्या खाली यायला तयार नाही. शक्यतेचा आकडा आपण द्यायचा नाही, त्याच्याकडूनच काढून घ्यायचा, पेन पण त्याच्याच हातात. मग गप्प बसायचं. हे नीट जमलं तर निरोप्या वाटणार नाही तुम्हाला.

दोन्हीबाजू

आकडेमोड, तुमचं गणित बरोबर आहे पण प्रश्न जॉइंट सेशनचा आहे ना. आमच्याकडे कौटुंबिक वाद, तिथे ४५ का ८० यापेक्षा 'तिने एकदाही विचारलं नाही' हे मोठं असतं. आणि ज्यांना नंतरही मुलांमुळे एकमेकांशी बोलावंच लागणार आहे त्यांचं सगळं बोलणं आपणच वाहिलं तर आपण गेल्यावर काय?

लूपिंगचा सराव करा. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग विचारायचं 'बरोबर समजलं का? काही राहिलं का?' आणि तो हो म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, तिसऱ्या वाक्याला आपला सल्ला तोंडात येतो. तो हो म्हणाला की मगच 'हे तुम्ही थेट त्यांना सांगाल?' असं वळवायचं. आधी वळवलंत तर भांडणच होणार, आणि मला वाटतं तुमच्याकडे नेमकं तेच होतंय, त्या लोकांना अजून ऐकलंच गेलेलं नसतं म्हणून ते तुमच्याकडे बघून बोलत राहतात.

सरावाबद्दल एक. ते तीन तासांचे रोल प्ले म्हणजे निम्मं नाटक, ज्याला अ‍ॅक्टिंग येतं तो भाव खाऊन जातो. तीन जण बसा, दहा मिनिटं, एकाने फक्त लूपिंग करायचं, प्रश्न विचारायचाच नाही, तिसऱ्याने थांबवून सांगायचं, लगेच परत तेच दहा मिनिटं. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्यांवरून हेच मांडलं, नुसती वर्षं घालून माणूस तरबेज होत नाही, छोटा ठरावीक भाग, लगेच मिळणारा फीडबॅक आणि तो भाग पुन्हा करणं लागतं. आपण केसेसच्या संख्येला सराव समजतो.

आणि हो, जॉइंट जॉइंट म्हणून कुणाला जबरदस्तीने समोरासमोर बसवू नका. आधी प्रत्येकाशी वेगळं बोलून धाक, मारहाण, दडपण असं काही आहे का ते तपासायचंच. तिथे वेगळ्या खोल्याच बऱ्या, आणि कधीकधी मध्यस्थीच नको.

फॉर्मभरा

छोटी सूचना. किती मिटल्या यावर स्वतःला मोजू नका, काही केसेस कुणीही बसला असता तरी मिटल्या असत्या. त्यापेक्षा शेवटी पक्षकारांना दोनच प्रश्न द्या: मला माझं म्हणणं पूर्ण मांडता आलं का, आणि मध्यस्थाने दोघांना सारखं वागवलं असं वाटलं का. थिबॉ आणि वॉकर यांच्या १९७५ च्या कामापासून हे दिसत आलंय की लोक निकाल वेगळा तोलतात आणि प्रक्रिया वेगळी. वकिलांना वेगळा फॉर्म द्या, ते परत परत येणारे असतात, त्यांना कार्यक्षमता हवी असते, दोन्हींची सरासरी काढली तर काहीच कळणार नाही.

मधली_खुर्ची

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. दोन्हीबाजू, ते 'ऐकलंच गेलेलं नसतं' वाचून थांबले जरा, त्यावर काम करते. आकडेमोड, डिसिजन ट्री पण हवंय, फक्त पक्षकाराला परीक्षा दिल्यासारखं वाटू नये हे कसं सांभाळता ते लिहा कधीतरी.

एक प्रॅक्टिकल शंका. इतर मध्यस्थ म्हणजे एका अर्थी स्पर्धकच, त्यांच्यासमोर आपली अडलेली केस कशी उघडायची? आणि ऑनलाइन सेशनला हे सगळं लागू होतं का?

ऐकूनघेणारा

वेगळ्या प्रकारचे वाद हाताळणाऱ्यांचा चार-पाच जणांचा गट करा, स्पर्धेचा प्रश्नच येत नाही. पद्धत बालिंट गटांसारखी ठेवा. मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांसाठी असे गट चालवले होते, पेशंट आणि डॉक्टर यांच्यातल्या नात्यावर बोलायला. आपण ते असं करतो: एकाने ओळख पटणार नाही अशी अडचण सांगायची, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, मग सांगणाऱ्याने मागे सरकून गप्प बसायचं आणि बाकीचे आपसात बोलतात ते ऐकायचं. 'मी असतो तर' हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात बंद.

ऑनलाइनला लूपिंग लागू होतं, उलट जास्तच, कारण तिथे मान हलवलेली दिसत नाही. शांतता मात्र अवघड, लोकांना वाटतं नेट गेलं. मी आधीच सांगून ठेवतो की मधेमधे मी थांबेन. आणि खोलीत कॅमेऱ्यामागे अजून कुणी बसलंय का ते सुरुवातीलाच विचारा, दोन्ही बाजूंना.

आकडेमोड

परीक्षेबद्दल: मी आधी विचारतो की तुमच्या वकिलांसोबत मिळून हे काढूया का, वकिलाला बाजूला टाकून कधीच नाही. आणि शक्यता विचारताना एक आकडा मागत नाही, 'कुठून कुठपर्यंत' असं विचारतो, मग माणूस बचावात जात नाही.

तो गट ऑनलाइन असेल तर मला घ्या, लूपिंगमध्ये मी नक्की नापास होईन पण येतो.

कोरी_वही

मी पण. गुरुवार संध्याकाळ सोडून कधीही.